अठरा वर्षं नॉर्मल

आमच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं 'नॉर्मल' म्हणजे मी. हे मी शेखी मिरवायला सांगत नाही. ट्यूबवरच तसं लिहिलेलं असायचं. रक्तातल्या पेशी मोजायच्या मशीनमध्ये रोग्याची ट्यूब घातली की तिच्या शेजारी एका निरोगी माणसाची ट्यूब घालावी लागते. तिला कंट्रोल म्हणतात. मशीन नुसता आकडा देतं. तो कमी की जास्त, हे कंट्रोलच्या आकड्याशी ताडून आपण ठरवायचं. आमच्याकडे कंट्रोलच्या ट्यूबवर 'न-१' असं लेबल असायचं आणि आत माझं रक्त.

सुरुवातीला न-२ सुद्धा होता, फ्रिज दुरुस्त करायला येणारा मेकॅनिक. पहिल्याच दिवशी सुई बघून गडी खुर्चीतून घसरला तो थेट फरशीवर. त्याला पाणी पाजून घरी पाठवलं आणि फ्रिज दोन दिवस तसाच बंद राहिला. त्यानंतर न-२ चा विषय कुणी काढला नाही. मला सुईचं काही वाटत नाही. सोमवारी आणि गुरुवारी कामावर आले की बाही वर करायची, शेजारच्या टेबलावरच्या बाईंपुढं हात धरायचा, मग चहा. अठरा वर्षांत आजारपणाची एकही रजा नाही. सगळा मजला नाकाला रुमाल लावून बसलेला असताना मी आपली ठणठणीत. लोक मला कंट्रोलबाई म्हणायचे. वर वर मी रागवायचे, पण आतून बरं वाटायचं.

आता माझ्या भाचीबद्दल. माझ्या धाकट्या बहिणीला दोन मुली. थोरली अकरा वर्षांची, हाडापेरानं मजबूत, शब्दाला शब्द देणारी. धाकटी सात वर्षांची, तिला आम्ही भिंगरी म्हणतो. चालायला लागली तेव्हा स्वतःभोवती फिरत राहायची, म्हणून. पुढं फिरणं राहिलं आणि नाव तेवढं उरलं. कान फुटणं, तोंडात पांढरं येणं, खोकला, मग न्यूमोनिया, मग हॉस्पिटल. घरी येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वर्गातल्या बाकावर ती कमी आणि हॉस्पिटलच्या खाटेवर जास्त.

ती तीन वर्षांची असताना तिच्या डॉक्टरांनी रक्त आमच्याकडे पाठवलं. संशय एका रिसेप्टरवर होता. रोगाशी लढणाऱ्या काही पेशींच्या अंगावर हा रिसेप्टर असतो. 'जगा, वाढा' असा निरोप शरीरातून येतो, तो पकडणं त्याचं काम. रिसेप्टर नसले तर निरोप पोचत नाही, पेशी वाढत नाहीत, आणि मूल साध्या सर्दीलासुद्धा पुरं पडत नाही. तपासायची रीत सोपी आहे. रिसेप्टरला चिकटणारा चमकता रंग घालायचा. जितके रिसेप्टर, तितकी पेशी चमकते.

त्या दिवशी मी कुणाला हात लावू दिला नाही. घरचं पोर, म्हणून मीच ट्यूब लावली, मीच मशीन चालवलं आणि शेजारी नेहमीप्रमाणे न-१ ठेवली. भिंगरीचा आकडा माझ्या आकड्याच्या तेवीस टक्के आला. आमचा नियम असा की कंट्रोलच्या वीस टक्क्यांखाली गेलं तर तो रोग. वीसच्या वर असेल तर 'कमी, पण निदान नाही' असं लिहायचं. मी तसंच लिहिलं आणि खाली सही केली.

जनुकांची तपासणीही झाली. हा रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडलांकडून. भिंगरीच्या वडलांकडून आलेल्या प्रतीत एक अक्षर चुकलेलं सापडलं आणि त्या चुकीनं ती प्रत अगदी निकामी झाली होती. आईकडची प्रत मात्र स्वच्छ. रोग व्हायला दोन्ही प्रती बिघडायला लागतात, एकीवर भागतं. म्हणून निष्कर्ष पुन्हा तोच निघाला: निदान नाही.

इथं मला थांबायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. बहिणीच्या घरी तिच्या सासूबाई आयुष्यभर शिवणकाम करत आलेल्या, कमी बोलणाऱ्या आणि जे बोलतील ते कात्रीनं कापल्यासारखं. त्या एकदा सहज म्हणाल्या, "आमच्या घरात असं आजारी मूल कधी झालं नव्हतं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्याच शिलाई मशीनसमोर उभी राहून म्हटलं, "काकू, रिपोर्ट काय म्हणतो ते ऐका. चूक सापडलीय ती तुमच्याकडून आलेली आहे. आमच्याकडचं सगळं साफ आहे. मी स्वतः तपासलंय."

त्यांनी हातातली सुई कापडाला टोचली आणि त्या आत निघून गेल्या. त्यानंतर चार वर्षं त्या माझ्याशी 'या' आणि 'बसा' एवढंच बोलल्या. बहीण म्हणाली, "ताई, तुला कुणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, खरं ते बोलले. त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं.

या वर्षी भिंगरीला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी बहिणीला बसवून स्पष्ट सांगितलं की डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग आता कायमचा खराब झालाय. आणखी एखादा असा फटका बसला तर अस्थिमज्जा बदलण्याचं ऑपरेशनही तिला झेपणार नाही. उपाय तेवढा एकच होता, दुसऱ्याची चांगली अस्थिमज्जा घालून तिच्या लढणाऱ्या पेशी नव्यानं उभ्या करायच्या. पण हॉस्पिटलची प्रत्यारोपण समिती निदान असल्याशिवाय मूल घेत नाही. आधी तिच्या जुन्या पेशी औषधानं मारायच्या, ते काही खेळ नाही. 'बहुधा असेल' एवढ्यावर कुणी ते करत नाही. समिती महिन्यातून एकदा बसते आणि पुढची बैठक तीन आठवड्यांवर आली होती.

"तुझ्या त्या मशीनमधून काहीच निघत नाही का गं?" बहीण फोनवर म्हणाली. रडत नव्हती. रडणं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

"नाही निघत," मी म्हटलं. "मी तीनदा बघितलंय."

त्याच आठवड्यात आमच्याकडे तपासणी झाली. दर काही वर्षांनी बाहेरून एक तपासनीस येतो, फायली उघडतो आणि आमच्या चहाला नावं ठेवून जातो. यंदाच्यानं न-१ चं रजिस्टर उघडलं, पानं चाळली आणि विचारलं, "हे एकच माणूस आहे?"

"हो. मी."

"अठरा वर्षं?"

"एक सोमवार चुकलेला नाही," मी मान वर करून म्हटलं.

त्यानं शाबासकी दिली नाही. लाल पेनानं लिहिलं की कंट्रोल किमान पाच हवेत, ते एकमेकांचे नातलग नकोत आणि रोग्याचेही नकोत. आठवड्यात अंमलबजावणी करावी. मी दिवसभर धुसफुसत होते. अठरा वर्षं जे चाललं त्यात याला आता काय खुपलं? आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणाल्या, "करून टाका ना, त्यात काय एवढं." मग मी इमारतीतून पाच जण पकडून आणले: गेटवरचा रखवालदार, लिफ्टवाला, कँटीनचा आचारी, माळी आणि ग्रंथालयातल्या बाई. मेकॅनिकची आठवण ठेवून पाचही जणांना आधीच आडवं केलं.

गुरुवारी त्यांच्या पाच ट्यूब आणि माझी एक, अशा सहा एकत्र लावल्या. पाचही आकडे एकमेकांच्या आगेमागे आले, आणि प्रत्येक आकडा माझ्या दीडपट.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगते, लाज वाटली तरी. मला वाटलं, हे पाचही चुकीचे आहेत. रंग जुना झाला असेल, ट्यूब हलवल्या नसतील, आचाऱ्याला बहुतेक काहीतरी झालंय. मी नवी बाटली फोडली आणि सगळं पहिल्यापासून केलं. आकडे तेच आले. पाच जणांची सरासरी शंभर धरली तर मी पासष्ट.

मी स्टुलावर बसले. मी पासष्ट, आणि भिंगरी माझ्या तेवीस टक्के. पासष्टाचे तेवीस टक्के म्हणजे पंधरा. वीसच्या खाली. चार वर्षं ती वीसच्या खालीच होती. मी तिला आखूड पट्टीनं मोजलं होतं, आणि ती आखूड पट्टी मीच होते. तपासनिसाचं ते 'रोग्याचेही नकोत' मला तेव्हा कळलं. मावशीचं रक्त भाचीच्या शेजारी ठेवायचं नसतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी स्वतःला कुणाची मावशी समजतच नव्हते. मशीनपुढं मी नॉर्मल होते.

आमच्याकडे जनुकांचं काम कॉम्प्युटरवर बघणारा एक गृहस्थ आहे, त्याला सगळे गणिती म्हणतात. डोक्यावर केस नाहीत आणि बोलण्याला आडपडदा नाही. मी त्याच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"माझं जनुक वाच," मी म्हटलं. "तोच रिसेप्टर. आजच्या आज रक्त घे."

वाचायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मी बहिणीचा फोन उचलला नाही. अर्ध्या कच्च्या बातमीनं तिला पुन्हा उभं करायचं आणि पुन्हा आपटायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं.

पाचव्या दिवशी गणिती म्हणाला, "तुमचं जनुक स्वच्छ आहे. दोन्ही प्रती."

"मग मी पासष्ट का?"

"तेच बघत होतो." त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. "आपण काय वाचतो? प्रथिन कसं बनवायचं ते जिथं लिहिलंय, तेवढंच. तो सगळ्या मजकुरातला शंभरातला दीड-दोन भाग. बाकीचं मशीन वाचतं, साठवतं, पण आपल्यापुढं येत नाही. मध्ये गाळणी आहे."

"कुठली गाळणी?"

"तुमची." तो अगदी शांतपणे म्हणाला. "आठ वर्षांपूर्वी तुम्हीच आला होतात. एका रिपोर्टला दोनशे पानं झाली म्हणून. म्हणालात, ज्यातून प्रथिन बनत नाही ती रद्दी माझ्या टेबलावर नको. फाइलचं नावच 'कंट्रोलबाईंची गाळणी' आहे."

मला आठवलं. अगदी याच खोलीत, याच टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला होता.

"गाळणी काढून बघितलं," तो पुढं म्हणाला. "जनुकापासून चाळीस हजार अक्षरं अलीकडं एक तुकडा आहे. त्यातून काही बनत नाही. पण या पेशींमध्ये एक प्रथिन येऊन त्या तुकड्याला धरतं, आणि मग जनुक जोरात चालतं. तुमच्या एका प्रतीत तिथलं एक अक्षर बदललंय. पकड बसत नाही. पंखा चांगला आहे, रेग्युलेटर एकावर अडकलाय."

"फक्त माझ्याकडे?"

त्यानं पडद्यावर आणखी दोन ओळी उघडल्या. बहिणीच्या आणि भिंगरीच्या. चार वर्षांपूर्वी वाचून ठेवलेल्या, कुणी न बघितलेल्या. दोन्हीकडे तेच अक्षर.

म्हणजे चित्र असं होतं. भिंगरीची वडलांकडची प्रत निकामी, आणि आमच्याकडची प्रत शब्दन् शब्द बरोबर पण मंद. बहिणीला आणि मला दुसरी चांगली प्रत होती, म्हणून आम्ही मिरवत होतो. भिंगरीला ती दुसरी नव्हती.

"समितीला हे पुरेल?" मी विचारलं.

"नाही. नुसतं अक्षर वेगळं आहे म्हणून ते दोषी ठरत नाही. असली वेगळी अक्षरं प्रत्येकात लाखोंनी असतात. त्यामुळेच खरोखर कमी लिहिलं जातं, हे दाखवावं लागेल."

ते दाखवायची वाट माझ्याच अंगात होती. जनुक चालू झालं की त्याच्या नकला निघतात, आणि त्यांवरून रिसेप्टर बनतात. माझ्या दोन प्रतींमध्ये एक निरुपद्रवी फरक होता, त्यामुळं कुठली नक्कल कुठल्या प्रतीची ते ओळखता येत होतं. माझ्या पेशींतल्या नकला मोजल्या. दोन्ही प्रती सारख्या चालत असत्या तर निम्म्या-निम्म्या निघाल्या असत्या. शंभरातल्या सत्त्याहत्तर चांगल्या प्रतीच्या निघाल्या, आणि तेवीस मंद प्रतीच्या.

तेवीस. गणिती म्हणाला, यात नवल काही नाही, भिंगरीकडे जे आहे ते तुमच्या मंद प्रतीएवढंच आहे, तुमच्याशी ताडलं की तेवीसच येणार. गणित मलाही कळत होतं. पण चार वर्षांपूर्वी मी माझ्या सहीनं जो आकडा लिहिला, तो माझ्याच अंगातल्या दुबळ्या निम्म्याचा होता, हे पचत नव्हतं.

भिंगरीचं ताजं रक्त मागवलं आणि पाच कंट्रोलशी ताडलं. या वेळी ट्यूबला मी हात लावला नाही. आकडा आला पंधरा.

सुधारित रिपोर्टात एक रकाना असतो, बदलाचं कारण. मोठ्या मॅडमनी मला बोलावलं. बाई मनानं चांगल्या आहेत. म्हणाल्या, "'तपासणीची पद्धत अद्ययावत केली' असं लिहू या. खोटं नाही ते. तुमची अठरा वर्षं आहेत इथं."

मोह झाला, नाही म्हणत नाही. पण तेवीसचे पंधरा कसे झाले, हे समितीतला पहिला माणूस विचारणार. अद्ययावत पद्धत म्हटलं की तो म्हणणार, मग आणखी एकदा करून बघा, पुढच्या महिन्यात या. भिंगरीकडे पुढचे महिने मोजकेच होते. मी पेन घेतलं आणि लिहिलं: 'आधीच्या तपासणीत वापरलेला कंट्रोल रोग्याची सख्खी मावशी होती. तिच्यातही हाच बदल आहे. चूक तपासणाऱ्याची.' खाली सही केली. तपासणारी आणि मावशी, दोन्हीसाठी एकच सही पुरली.

त्या संध्याकाळी बहिणीकडे गेले. भिंगरी आत झोपली होती, थोरली पुस्तक उघडं ठेवून कान आमच्याकडे लावून बसली होती. सासूबाई मशीनवर होत्या. "या," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसले नाही. आधी बहिणीला सगळं सांगितलं. तिनं दोन प्रश्न विचारले: "म्हणजे निदान झालं?" आणि "बैठक कधी?" मी म्हटलं, झालं, आणि पुढच्या शुक्रवारी. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि चार वर्षांत पहिल्यांदा हमसून हमसून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो तिनं झटकला. मग पुन्हा स्वतःच ओढून घेतला.

मग मी मशीनसमोर उभी राहिले, चार वर्षांपूर्वी उभी होते तिथंच. "काकू, निम्मं आमच्याकडून आलंय. म्हणजे माझ्याचकडं आहे ते. मी तुम्हाला जे बोलले ते चुकीचं होतं, आणि तपासल्याशिवाय बोलले."

त्यांनी पायडलवरचा पाय काढला. "कसं चुकलं?"

"ज्याच्याशी मोजायचं, तेच कमी होतं."

त्यांनी गळ्यातली मापाची टेप काढून मशीनवर ठेवली. मग म्हणाल्या, "माझी टेप एकदा दोन बोटं ताणली गेली होती. शाळेच्या गणवेशांची अख्खी खेप चुकली. मी पोरांना म्हणत होते, तुम्हीच बारीक झालात." त्या हसल्या नाहीत, मीही नाही. "टेप होती म्हणून फेकून दिली. तुमचं काय करायचं?"



"चार वर्षं," त्या म्हणाल्या, आणि आवाज एकदम खाली आला, "त्या पोरीला उचलून घेताना दर वेळी मनात म्हणायचे, माझ्यामुळं गं बाई. माझ्या घरातून आलं. ते तुम्ही मला दिलंत."

मी त्यांच्या पाया पडले. पाया पडायची मला सवय नाही. गुडघा कडकन वाजला. त्यांनी मला उठवलं नाही, पण पाय मागेही घेतले नाहीत.

शुक्रवारी समितीपुढं निदानावर दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पंधरा हा आकडा, निकामी प्रत, मंद प्रत, नकलांची मोजणी, सगळं एकात एक बसत होतं. घोडं अडलं ते पुढं. अस्थिमज्जा जुळत होती ती थोरलीची, अगदी पूर्ण. पण थोरलीलाही आमच्याकडची मंद प्रत आलेली. तिचा आकडा सहासष्ट.

समितीतले सगळ्यात वयस्कर डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "मुलीला हिच्या पेशी दिल्या तर तीही पासष्टाच्या आसपास राहील. हा बदल आजवर कुणी नोंदवलेला नाही. पासष्टवर माणूस वर्षानुवर्षं धड राहतो की नाही, हे आपल्याला माहीत नाही. बाहेरचा दाता शोधू. सहा महिने लागतील."

सहा महिने. बाहेरच्या बाकावर बहीण बसली होती आणि तिला ते ऐकू जात नव्हतं, एवढंच बरं. मोठ्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला आले नव्हते, माहिती लागली तर द्यायला आले होते. पण पिशवीत रजिस्टरं होती; कशाला आणली ते मलाही धड ठाऊक नव्हतं. टेबलावर एकावर एक सात ठेवली.

"हे न-१ आहे," मी म्हटलं. "दर सोमवार, दर गुरुवार, अठरा वर्षं. अठराशेच्या वर नोंदी. प्रत्येक वेळी लढणाऱ्या पेशी किती, ते लिहिलंय. रिसेप्टर पासष्ट, पण पेशी कधीही कमी पडलेल्या नाहीत. आजारपणाची रजा शून्य, ते ऑफिसातून मागवा. पासष्टवर माणूस कसा राहतो ते तुम्हाला बघायचंय ना? तो माणूस मी आहे."

डॉक्टरांनी एक रजिस्टर उघडलं, मग मधलं, मग शेवटचं. "एका माणसावरून नियम होत नाही," ते म्हणाले, पण पान उलटत राहिले.

"माझी बहीण बाहेर बसलीय, तीही पासष्ट. दोन बाळंतपणं, तीन वर्षं हॉस्पिटलच्या जमिनीवर झोपणं, आणि स्वतः एकदाही खाटेवर नाही. थोरली धरली तर आम्ही तीन."

त्यांनी सातही रजिस्टरं ठेवून घेतली आणि आम्हाला बाहेर पाठवलं. पाऊण तासानं दार उघडलं. थोरलीच्या पेशी चालतील, असं ठरलं होतं.

ऑपरेशन, मग बंद खोलीतले ते आठवडे, काचेपलीकडून हात हलवणं, केस जाणं, ताप येणं, ताप उतरणं, ते सगळं लिहीत बसत नाही; ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांना माहीत आहे. थोरलीनं कंबरेला पट्टी लावून महिनाभर सगळ्या घराला कामाला लावलं.

आठ महिन्यांनी भिंगरीचं रक्त आमच्याकडे आलं. मी नातलग, म्हणून मला आता तिच्या तपासणीच्या वेळी खोलीत येऊ देत नाहीत. नियम मीच लिहिलाय. मी बाहेरच्या बाकावर सासूबाईंशेजारी बसले. बहीण भिंगरीला घेऊन खाली गेली होती, तिला लिफ्टवाल्याला गाल दाखवायचे होते. आता ते भरले होते. गणिती चिठ्ठी घेऊन बाहेर आला आणि ती माझ्या हातात देऊन निघून गेला.

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

"चौसष्ट. पेशी पुरेशा आहेत. खाली छापून आलंय, नॉर्मलपेक्षा कमी."

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ धरली, आकडा बघितला आणि घडी घालून ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवली.

"म्हणजे ही तुमच्यावर गेली," त्या म्हणाल्या.

"हो, काकू," मी म्हटलं. "रजा घेणार नाही."